वाढीव खोलीवर सपाट छत: स्लॅब, डेक शीट की पफ पॅनल, आणि वर कोणता थर?

जुन्या घराला खेटून एक खोली काढायची ठरली की छताची चर्चा लगेच वरच्या थरावर येते. कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) करायचा की कोटिंग मारायचं, डॉ. फिक्सिट घ्यायचं की एशियन पेंट्सचं. गळती मात्र सहसा तिथून सुरू होत नाही. वाढीव बांधकामाचं छत सगळ्यात आधी गळतं ते जुनी भिंत आणि नवं छत जिथं भेटतात तिथं. मग नंबर लागतो पाइपच्या तोंडाचा, मग कठड्याच्या कोपऱ्यांचा. मधला सपाट भाग शेवटी. म्हणून इथं प्रत्येक पर्याय तपासताना तीनच प्रश्न धरले आहेत: जुन्या भिंतीशी सांधा कसा जमतो, वजन कुणाच्या डोक्यावर येतं, आणि पाणी कुठून उतरतं. ब्रँडचा विचार त्यानंतर.

आरसीसी स्लॅब

पाया स्वतंत्र असेल आणि पुढंमागं वर मजला चढवायचा असेल, तर स्लॅबला पर्याय शोधण्यात अर्थ नाही. दहा बाय बाराच्या खोलीचा स्लॅब भिंतींवर टेकण्यासह साधारण १५५ चौरस फूट भरतो. ५ इंच जाडी धरली तर काँक्रीट १.८ घनमीटर, एम २० दर्जाच्या (सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३) मिश्रणाला सिमेंट १४ ते १५ गोण्या. नुसत्या स्लॅबचं वजन साडेचार टन. त्यावर विटांचा कोबा केला की आणखी पावणेतीन टन. हे आकडे आधी सांगायचं कारण असं की बरेच गवंडी नवा स्लॅब एका बाजूला जुन्या भिंतीत चार इंच खाच मारून टेकवायला निघतात. सिमेंटमध्ये बांधलेली नऊ इंची पक्की भिंत आणि तिच्याखाली धड पाया असेल तर इंजिनिअरला विचारून ते चालेल. मातीतल्या बांधकामाला, जुन्या दगडी भिंतीला किंवा जांभ्याच्या चिऱ्यांना वरून सलग आरसीसी पट्टा नसेल, तर तो विचार सोडून द्यावा. जुन्या छज्जाला किंवा बाल्कनीला नव्या सळया बांधून स्लॅब पुढं ओढणं तर सरळ धोक्याचं.

स्लॅब गळका होतो तो ओतण्याच्या दिवशी. मालक नेहमी खालच्या जाळीकडे बघतो. घोटाळा वरच्या सळ्यांत असतो. बीमवर आणि भिंतीजवळ वरच्या बाजूला जी जादा सळई असते, तिच्यावर घमेली घेऊन माणसं दिवसभर ये-जा करतात आणि ती खाली बसते. मग बीमच्या रेषेत स्लॅबला वरून बारीक तडा जातो आणि पाणी शिरायला तीच वाट मिळते. वरच्या सळईखाली दर तीन फुटांवर सळईची खुर्ची आणि चालायला फळ्या, एवढ्यानं हे टळतं. खालच्या जाळीला खडीचे तुकडे नकोत, सिमेंटचे कव्हर ब्लॉक (सळईखाली काँक्रीटचा थर राखणारे ठोकळे) हवेत, २० मिमीपेक्षा कमी नाहीत. किनाऱ्यावर हिशेब वेगळा आहे. खाऱ्या हवेला उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) एम ३० दर्जा आणि ४५ मिमी कव्हर सांगतं. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे वीस-पंचवीस वर्षांत स्लॅबच्या तळाचे पापुद्रे सुटून गंजलेल्या सळ्या दिसू लागतात, त्याचं मूळ बहुतेक या कव्हरमध्येच असतं.

पाणी गोणीला २५ लिटरच्या आत; वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरवाला बादली वाढवत जातो, ते थांबवायला तिथं उभंच राहावं लागतं. मे महिन्यात, पावसाआधी उरकायच्या घाईत ओतलेल्या स्लॅबला पहिल्या दोन-तीन तासांतच कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. काम दुपारी सुरू करून संध्याकाळी संपवावं, लगेच ओलं गोणपाट टाकावं आणि दुसऱ्या सकाळी आळी करून पाणी भरावं. साधं ओपीसी सिमेंट असेल तर उन्हाळ्यात निदान १० दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर १४. साडेचार मीटरच्या आतल्या स्लॅबचे टेकू आयएस ४५६ प्रमाणे ७ दिवसांनी काढता येतात, पण बीमचे १४ दिवसांआधी नाहीत. ते दोन्ही एकाच दिवशी काढायची गवंड्याला भारी हौस असते.

डेक शीट

लोखंडी आय-बीम, त्यावर ०.८ ते १ मिमीचा नालीदार जस्ती पत्रा, वर जाळी आणि काँक्रीट. सेंट्रिंग लागत नाही किंवा नावापुरते टेकू लागतात, काम झटपट होतं, आणि जुन्या घराच्या अंगणात बल्ल्या उभ्या करायला जागाच नसेल तर हा पर्याय सोयीचा. पण वाढीव खोलीच्या छतासाठी त्याला मधलेच गुण द्यावे लागतात. काँक्रीट खालून पत्र्यानं झाकलेलं असल्यामुळं फक्त वरूनच सुकतं. दिसायला कोरडं झालं म्हणून महिन्याभरात त्यावर कोटिंग मारलं की आतली ओल फुगे आणते. आणि गळती झाली तर ती दिसत नाही. पाणी पत्र्याच्या नालीतून वाहत जाऊन भलत्याच टोकाला टपकतं, तोवर पत्रा आतून गंजायला लागलेला असतो. मजल्याच्या मधल्या स्लॅबला डेक शीट उत्तम. उघड्या गच्चीला, त्यातही कोकणात, नको.

पफ पॅनल

दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलीयुरेथेनचा फोम. ५० मिमी जाडीच्या पॅनलचं वजन चौरस मीटरला १० ते १२ किलोच्या घरात असतं. ५ इंची स्लॅबचं ३१२ किलो. जुन्या गच्चीवर खोली चढवायची असेल, किंवा खाली काळी माती असून पाया खोल नेणं परवडत नसेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. वैदर्भी उन्हाळ्यात उघड्या स्लॅबपेक्षा खोली बरीच सुसह्य राहते.

मात्र हे सपाट छत नाव घेण्यापुरतं. निदान ५ अंशांचा उतार लागतो, म्हणजे १२ फुटांत सुमारे एक फूट. वर कपडे वाळत घालता येत नाहीत, पावसात आवाज येतो, आणि टाकी ठेवायची तर तिला वेगळा लोखंडी सांगाडा करावा लागतो. स्क्रू कसताना ईपीडीएम (रबरी) वॉशर नुसता बसला पाहिजे. तो पिळून बाहेर आला की दोन-तीन उन्हाळ्यांत चिरतो. पॅनलच्या कापलेल्या कडेचा फोम उघडा ठेवू नये, पट्टी मारून बंद करावा. खोली स्वयंपाकाची असेल तर पफ घेऊच नये. रॉकवूल (दगडी लोकर) भरलेलं पॅनल जड आणि महाग, पण जळत नाही.

सोलापूर, मराठवाड्यात जुन्या वाड्याला लागून खोली काढताना धाब्याचं माळवदच (मातीचं सपाट छत) पुढं न्यायचा मोह होतो. आतला गारवा खरा आहे. पण दरवर्षी मृगाआधी पांढरी माती टाकून, चोपून, पाणी वळवून देणारं माणूस घरात असेल तरच. नवा आरसीसी स्लॅब आणि जुनं माळवद शेजारी आले तर माळवदाचं पाणी स्लॅबकडे कधीही सोडू नये. मातीचा गाळ पाइपमध्ये बसतो.

जुन्या भिंतीचा सांधा

जुनं घर बसायचं तेवढं बसून गेलेलं असतं. नव्या खोलीचा पाया मात्र वजन आल्यावर बसणार, काळ्या मातीत तर दर पावसाळ्यात थोडा वर येणार आणि उन्हाळ्यात खाली जाणार. शिवाय ४ मीटरचा स्लॅब तापमान ३० अंशांनी बदललं की सव्वा मिलीमीटर लांब-आखूड होतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलणार असतील तर मधली फट सिमेंटनं बुजवून काही होत नाही. दरवर्षी त्याच रेषेत ती पुन्हा उघडते. पांढरं सिमेंट, एम-सील, डांबर, काहीही भरा.

म्हणून नवी खोली स्वतःच्या चार कॉलमवर किंवा भिंतींवर उभी करावी आणि जुन्या भिंतीपासून २५ मिमीचं अंतर मुद्दाम सोडावं. स्लॅब ओतताना तिथं थर्माकोलची पट्टी उभी लावली की अंतर आपोआप राहतं. नंतर वरचं थर्माकोल इंच-दीड इंच खरवडून काढायचं, फटीपेक्षा किंचित जाड फोमची दोरी आत दाबायची, आणि वर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरायचं. सीलंटची खोली फटीच्या रुंदीच्या निम्मी पुरे. २५ मिमी फटीला १२ मिमी. जास्त भरलं म्हणजे चांगलं, असं नाही. जाड सीलंट ताणलं जात नाही, कडेनं सुटतं. फोमची दोरी वगळली तर सीलंट तळालाही चिकटतं आणि मधोमध फाटतं. सॅनिटरीच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन इथं नको, ते रंग धरत नाही आणि खडबडीत काँक्रीटला नीट चिकटतही नाही.

एवढ्यानं काम निम्मंच झालं. जुन्या भिंतीवरून ओघळणारं पाणी प्लास्टरच्या मागून खाली येतं आणि सीलंटच्या मागे उतरतं. त्यासाठी नव्या गच्चीच्या तयार पातळीपासून फूटभर वर जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, विटेच्या सांध्यात ग्राइंडरनं आडवी खाच मारायची, गच्चीवरचं मेम्ब्रेन (डांबरी चादर) किंवा जाळीचं कोटिंग फटीवरून थोडी ढिली घडी ठेवून भिंतीवर चढवायचं आणि खाचेत घालून बंद करायचं. त्यावर ॲल्युमिनियमची किंवा जस्ती पत्र्याची कोनी पट्टी. ही पट्टी फक्त जुन्या भिंतीला ठोकायची, नव्या बाजूवर ती मोकळी टेकलेली हवी. फॅब्रिकेटर हमखास दोन्हीकडे स्क्रू मारतो आणि पहिल्याच वर्षी पट्टी वाकते किंवा स्क्रू भिंतीतून निसटतात. ठरवून देताना हे कागदावर चित्र काढून द्यावं.

जुन्या घराला कौलं असतील तर आणखी एक भर. पावसाळ्यात वळचणीच्या पागोळ्या थेट नव्या स्लॅबवर, तेही नेमक्या सांध्याच्या रेषेत पडतात. तिथं कोणतंही कोटिंग फार दिवस टिकत नाही. कौलांना आधी पन्हळ लावून ते पाणी बाहेरच्या बाहेर काढावं; त्या खर्चात काटकसर करून वर महागडं कोटिंग मारणं व्यर्थ.

पातळी आणि पाणी

जुन्या घराच्या वरच्या मजल्याचं दार नव्या गच्चीवर उघडणार असेल तर स्लॅबची पातळी ओतण्याआधीच ठरते, आणि ती ठरते वरच्या थरावरून. विटांचा कोबा सरासरी साडेचार इंच खातो. त्यावर उंबरा निदान ६ इंच उंच हवा. म्हणजे नव्या स्लॅबचा माथा आतल्या फरशीपेक्षा १० ते ११ इंच खाली. खालच्या खोलीची उंची तेवढी कमी होते, म्हणून गवंडी स्लॅब जुन्या पातळीत सरळ जोडून टाकतो. मग कोबा झाल्यावर उंबरा उरतच नाही आणि पाइप तुंबला की पाणी थेट आतल्या खोलीत. खोलीची उंची कमी करणं शक्य नसेल तर कोब्याचा विचारच सोडून मेम्ब्रेन किंवा पीयूकडे जावं. थर निवडायचं हे पहिलं आणि सगळ्यात व्यवहारी कारण.

उतार १०० ला १ पेक्षा कमी नको, ८० ला १ चांगला. १२ फुटांत ४५ मिमी. उतार जुन्या भिंतीकडून बाहेरच्या बाजूला; पाइप जवळ पडतो म्हणून जुन्या भिंतीकडे उतार देणारे प्लंबर भेटतात, त्यांना ठाम नकार. १०० मिमीचा एक पाइप तासाला १०० मिमी पावसात ४० चौरस मीटरच्या आसपास गच्ची सांभाळतो, त्यामुळे १४-१५ चौरस मीटरच्या छताला हिशेबानं एकच पुरतो. तरी दोन द्यावेत, कारण एक पान किंवा एक प्लास्टिकची पिशवी पुरेशी असते. आणि कठड्यात, उंबऱ्याच्या पातळीच्या निदान दोन इंच खाली, एक मोकळं भोक. त्यातून पाणी पडताना दिसलं की समजावं, पाइप तुंबला. पाइपचं तोंड स्लॅब ओततानाच बसवावं. नंतर हिल्टीनं (ड्रिल मशीननं) भोक पाडून बसवलेला पाइप आणि काँक्रीट यांच्यातली फट नॉन-श्रिंक ग्राउटनं (न आकसणाऱ्या मालानं) भरली नाही तर खालच्या छतावर गोल डाग पडतो. तो डाग दिसला की लोक अख्ख्या गच्चीला कोटिंग मारतात.

वरचा थर

विटांचा कोबा अजूनही आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा थर आहे, करणारा गवंडी जाणता असेल तर. उतार त्यातच मिळतो, ऊन अडतं, वर बिनधास्त वावरता येतं. स्लॅब तारेच्या ब्रशनं घासून सिमेंटचं पाणी, त्यावर १:४ चा पाऊण इंच माल, त्यात भिजवलेले विटांचे तुकडे उभे-आडवे बसवून सांधे मालानं भरायचे. पाइपजवळ साडेतीन इंच, दूरच्या टोकाला सव्वापाच. दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवल्यावर वरचा थर, त्यावर दोरीनं फुटाफुटाच्या चौकोनी रेषा, आणि कठड्याला गोल वाटा (कोपऱ्याची गोलाई), तोही त्याच दिवशी, त्याच मालात. दुसऱ्या दिवशी जोडलेला वाटा सुटतोच. मालात पिडीप्रूफ एलडब्ल्यू+ सारखं मिश्रण ५० किलोच्या गोणीला २०० मिली. ते घातलं म्हणून बाकीचं ढिलं चालतं असं नव्हे. विटा कोरड्या वापरल्या तर त्या मालातलं पाणी शोषतात आणि कोबा पोकळ वाजतो. कोब्याची मोठी खोट ही की एकदा त्यात पाणी शिरलं की ते आत साठतं आणि कुठून शिरलं ते सापडत नाही. सोलर हीटरचा किंवा डिश अँटेनाचा स्टँड बोल्ट मारून कोब्यात बसवणं म्हणजे आपणच वाट करून देणं. आधीच सिमेंटचे ओटे बांधून त्यावर बोल्ट घ्यावेत.

एपीपी मेम्ब्रेन: १ बाय १० मीटरची गुंडाळी, ३ किंवा ४ मिमी जाड, ज्योतीनं तापवून चिकटवायची. गच्चीला ४ मिमीच घ्यावं. बाजूचा जोड १०० मिमी, टोकाचा १५० मिमी, आणि जोडाच्या कडेनं वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तिथं जोड चिकटलेला नाही. स्लॅबला ओल असेल तर फुगे येतात. उघडं ठेवलं तर उन्हानं तडकतं, म्हणून वर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) किंवा ॲल्युमिनियमची चकाकी असलेला प्रकार. कमी जाडीत फटीवरून भिंतीवर चढवायला हेच सगळ्यात सोयीचं.

ॲक्रिलिक कोटिंग, म्हणजे दुकानात बादलीत मिळणारं पांढरं, स्वस्त आहे आणि उन्हाळ्यात छत गार ठेवतं. पण ते साचलेल्या पाण्यात मऊ पडतं. उतार चांगला असलेल्या छतावर, जाळीचं कापड मध्ये घालून, दर चार-पाच वर्षांनी नव्यानं मारायची तयारी असेल तर ठीक. पीयू त्याच्या दुप्पट-तिप्पट खर्चाचं, साचलेलं पाणी सोसतं, बारीक तडा हलला तरी फाटत नाही. मात्र स्लॅब खरंच कोरडा हवा आणि उन्हात टिकायला वरचा शेवटचा हात ॲलिफॅटिक प्रकारचा. सिमेंटमध्ये कालवायचं दोन भागांचं पॉलिमर कोटिंग कोब्याखाली छान काम करतं, उघड्यावर तडकतं. क्रिस्टलाइन पावडर स्थिर बारीक भेगा भरते, पण हलणाऱ्या सांध्याला तिचा उपयोग शून्य.

कोटिंगचं काम देताना थरांची संख्या ठरवू नका, बादल्या ठरवा. आधी सांगितलेल्या दहा बाय बाराच्या खोलीचं छत साधारण १५ चौरस मीटर, कठड्यावर आणि भिंतीवर फूटभर चढवलेला भाग धरून २०. डब्यावर घन भाग ६० टक्के लिहिला असेल आणि सुकल्यावर १.५ मिमी जाडी हवी असेल, तर चौरस मीटरला अडीच लिटर, म्हणजे एकूण ५० लिटर. २० लिटरच्या एका बादलीत ‘तीन हात’ मारून गेलेल्या माणसानं ०.६ मिमीचा पापुद्रा दिलेला असतो, आणि गॅरंटीचा कागद दोन्हीकडे दहा वर्षांचाच असतो. त्या कागदावर खालच्या ओळी वाचाव्यात: बांधकामातला तडा, साचणारं पाणी आणि ‘इतर कंत्राटदाराचं काम’ वगळलेलं असतं. वाढीव खोलीचा सांधा या तिन्हींत बसतो. तेव्हा सांध्याचं काम त्याच माणसाकडे, त्याच कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून द्यावं. शेवटचा हप्ता पाइपची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ७२ तास भरून ठेवल्यावर द्यावा. ही चाचणी खालच्या छताचं प्लास्टर आणि रंग होण्याआधी घ्यावी, आणि पाणी भरलेलं असताना जुन्या भिंतीवर, पट्टीच्या वरच्या बाजूला, अर्धा तास पाइपनं पाणी सोडून बघावं. नुसतं पाणी साठवून तो सांधा तपासला जात नाही.